यादीबाहेरचा आजारी

१

यादीत चौदा नावं होती, आणि चौदाही जणांचं पोट एकाच बाईनं बिघडवलं असं त्या कागदावर स्वच्छ टाईप केलेलं होतं. ती बाई संचिता रेडीजच्या टेबलासमोर पदर खोचून ताठ बसली होती.

आवडाबाई ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. सकाळी मासळी विकायची, दुपारी जेवणाच्या ऑर्डरी घ्यायची. अकरा जुलैला, शुक्रवारी, वागळे इस्टेटमधल्या एका लेबल छापणाऱ्या कारखान्यात तिनं निरोपाचं जेवण दिलं होतं: चिंबोऱ्यांचं म्हणजे खेकड्यांचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. शनिवारपासून छपाई खात्यातली माणसं एकेक करून आडवी झाली. जुलाब थांबेनात, अन्नाचा वास नकोसा झाला. तीन आठवडे झाले तरी निम्मी माणसं अजून धड उभी राहत नव्हती. आता कारखान्याचा मॅनेजर सलिल म्हणत होता, की आवडाबाईंनी चूक लेखी कबूल करावी, म्हणजे पोलिसांत जाणार नाही. कोळीवाड्यात बातमी कधीच पोचली होती. तिच्या टोपलीकडे कुणी फिरकत नव्हतं.

ठाणे कोर्टामागच्या गल्लीतलं संचिताचं ऑफिस म्हणजे दीड खोली. ती ग्राहकांचे खटले लढवायची. अन्नातून विषबाधेचे दोन खटले ती हरली होती, आणि दोन्ही एकाच कारणानं. पोट बिघडलं हे डॉक्टर लिहून देतात, कशानं बिघडलं ते कुणी लिहून देत नाही. तिनं आवडाबाईंना सरळ सांगितलं, की मी एरवी आजारी माणसांच्या बाजूनं उभी राहते, म्हणजे तुमच्या विरुद्ध.

 आवडाबाई म्हणाली, "ऱ्हा ना विरुद्ध. पन आधी खरा काय ता शोध. माज्या चिंबोऱ्या जित्या व्हत्या, बाय. मना जेलात टाका, पन खोट्यावर आंगठा नाय मारनार."

संचितानं कागद ठेवून घेतला. आठ ऑगस्टला कारखान्यात सगळ्यांच्या सह्या व्हायच्या होत्या. हातात चार दिवस होते.

त्याच संध्याकाळी तिनं ज्याच्या निरोपासाठी ते जेवण होतं त्या गुणाजींना फोन केला. ओळख देऊन यादी वाचून दाखवली. पलीकडून गुणाजी बारीक आवाजात नावं मोजत होते. शेवटच्या नावानंतर ते थांबले.

"ह्यात दिपेश कुठाय?" त्यांनी विचारलं. "सगळ्यात पहिला तोच पडला. आणि मॅडम, तो तर माझ्या जेवणाला नव्हताच."

२

गुणाजी किसननगरात राहायचे. मूळ संगमेश्वरकडचे, एकतीस वर्षं त्या कारखान्यात शाई ढवळलेली. दुसऱ्या दिवशी संचिता पोचली तेव्हा तिथं छपाई खात्यातली अक्षदाही येऊन बसली होती. एकोणतिसाव्या वर्षी तिचे डोळे खोल गेले होते. यादीत तिचं नाव तिसरं होतं. नऊ किलो वजन उतरलं, आठ दिवस सलाईनवर काढले. कंत्राटावर असल्यामुळे पगार बंद झाला, आणि तिच्या जागी नवी मुलगी आली ती वेगळीच.

आवडाबाईंच्या वतीनं आल्याचं कळताच अक्षदाचा चेहरा बदलला. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जेवलो शुक्रवारी, शनिवारी सकाळी पोटात मुरडा, मग दुसरं कोण जबाबदार? शिवाय ती चिंबोरी खात नव्हती, फक्त भाकरी आणि दोन वाट्या सोलकढी घेतली होती, तरी आजारी पडली. सोलकढीवर कच्ची कोथिंबीर होती, मुठीमुठीनं भुरभुरलेली. तिनं ते स्वतः पाहिलं होतं.

संचितानं तिथूनच आवडाबाईंना फोन लावला. आवडाबाईंनी एका शब्दानं नाकारलं नाही. हो, कोथिंबीर कच्चीच होती, नेहमीच असते.

 संचिताला आधीचे दोन्ही खटले आठवले. बाई खरं बोलत होती, पण खरं बोलणाऱ्याच्या हातूनही चूक होतेच.

तिनं गुणाजींना विचारलं, की तुम्ही काय खाल्लंत? गुणाजी ओशाळले. निरोप त्यांचा, तेव्हा आग्रहही त्यांनाच झालेला. चिंबोऱ्या तीनदा घेतल्या आणि सोलकढी तांब्यानं प्यायले. त्यांना साधी ढेकरसुद्धा करपट आली नव्हती.

एकटा गुणाजी वाचला म्हणून काही सिद्ध होत नाही, एखाद्याची प्रकृतीच दणकट असते, हे संचिताला ठाऊक होतं. पण जेवणाला नसलेला आजारी आणि सगळ्यांपेक्षा जास्त जेवलेला धडधाकट, ही जोडी तिला स्वस्थ बसू देईना. तिनं दिपेशचा पत्ता घेतला.

निघताना अक्षदा दारापर्यंत आली. म्हणाली, "मॅडम, त्या बाईला वाचवायला तुम्ही काहीही बोलाल. मला फक्त एवढंच सांगा, माझ्या पोटात आहे काय? इतक्या डॉक्टरांकडे गेलेली मी, कुणीच सांगत नाही."

३

दिपेश डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दार त्यानं स्वतः उघडलं, हसून. तो बरा झाला होता.

नऊ जुलैला तो जमिनीच्या कागदांसाठी गावी, खेडला गेला. अकराला सगळे ठाण्यात चिंबोऱ्या खात होते, तेव्हा तो तहसील कचेरीच्या बाकावर बसून होता. बाराला, शनिवारी पहाटे, गावातच त्याचं पोट गेलं. डोंबिवलीला परतल्यावर आठवडाभर औषधं बदलून झाली. शेवटी त्याला डॉक्टर समृद्धी भेटल्या. शौचाची तपासणी सगळीकडे करतात तशी नको, विशेष रंग देऊन करा, असं त्यांनी लॅबला लिहून दिलं. तेव्हा दिसला.

"कोण दिसला?"

दिपेशनं कपाटातून अहवाल काढला. सायक्लोस्पोरा. डोळ्यांना न दिसणारा परजीवी. साध्या तपासणीत तो सुटून जातो. ओळखला की मात्र साध्या, स्वस्त गोळ्यांनी आठवडाभरात जातो.

संचिता तो अहवाल घेऊन तडक डॉक्टर समृद्धींच्या दवाखान्यात गेली. त्या पेशंट बघता बघताच बोलल्या. हा जीव मैलापाणी लागलेल्या पालेभाजीतून येतो, कोथिंबीर, पुदिना असल्या कच्च्या पाल्यातून. वरवर धुतल्यानं जात नाही, शिजवल्यावर मरतो. आणि पोटात गेल्या गेल्या तो त्रास देत नाही. निदान दोन दिवस लागतात, बहुतेकांना आठवडा.

संचिताचा पेन थांबला. शुक्रवारी दुपारी जेवून शनिवारी सकाळी आजारी पडता येईल?

"ह्या परजीवीनं? नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आदल्या आठवड्यात काय खाल्लं ते विचारा."

यादीतले नऊ जण शनिवारीच आजारी पडले होते. म्हणजे सोलकढीतली कोथिंबीर बिनदोष होती. आठवडाभर आधी ह्या सगळ्यांनी मिळून दुसरंच काहीतरी खाल्लं होतं, दिपेशनं खाल्लं होतं आणि गुणाजींनी नाही.

तिनं बाहेर येऊन दिपेशला फोन केला. दोन प्रश्न होते. पाच जुलैच्या आसपास खात्यात काय होतं? तो म्हणाला, शनिवारी ट्रेनिंग होतं, सेफ्टीचं, सगळ्या छपाई खात्याला. गुणाजी नव्हते, सहा दिवसांनी रिटायर होणाऱ्याला कशाला ट्रेनिंग? खायला सँडविचचे बॉक्स मिळालेले.

दुसरा प्रश्न विचारताना तिचा आवाज आपोआप खाली आला. हा अहवाल आणखी कुणाला दाखवलास?

"सलिल सरांना. रजेसाठी अहवाल आणि गोळ्यांची चिठ्ठी मेल केलेली ना. बावीस तारखेला."

यादीवरची तारीख होती चोवीस.

४

सलिल पस्तिशीचा, नीटनेटका, मऊ बोलणारा माणूस. त्यानं संचिताला चहा दिला, एसी कमी केला आणि आजारी माणसांबद्दल मनापासून हळहळला. दिपेशचं नाव का नाही, ह्यावर त्याचं उत्तर तयार होतं. दिपेश निरोपाला नव्हता, गावचं पाणी बाधलं असेल, मग ह्या यादीत त्याला कसं घालणार? अहवालाबद्दल म्हणाला, की मेलला जोडलेलं सगळंच काही उघडून बघणं होत नाही.

ट्रेनिंगच्या दिवशीचं खाणं कुणी दिलं होतं, हे विचारल्यावर त्याची नजर क्षणभर खिडकीबाहेर गेली. कॅन्टीननंच दिलं असेल, असं तो म्हणाला. तिथं काय ते प्रीतमला विचारा.

कॅन्टीनचा कंत्राटदार प्रीतम आधी तोंड उघडेना. त्याचं कंत्राट मार्चमध्ये संपणार होतं, आणि नवं द्यायचं की नाही ते सलिलच्या हातात होतं. संचितानं त्याला समजावलं, की आवडाबाई निर्दोष ठरली तर पुढचं बोट कुणाकडे वळेल ह्याचा तूच विचार कर. मग तो घडाघडा बोलला. शनिवारी कॅन्टीन बंदच असतं. त्या दिवशी त्यानं गॅससुद्धा पेटवला नव्हता. बॉक्स बाहेरून आले, सलिल साहेबांच्या गाडीतून. आपलं काम दुसऱ्याला गेलं म्हणून प्रीतमला तेव्हा रागही आला होता.

बॉक्स आता कुठून मिळणार? महिना उलटला होता. संचितानं अक्षदाला फोन केला आणि प्रथम तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, पोटात काय आहे आणि कुठली तपासणी मागून घ्यायची. मग ट्रेनिंगच्या दिवशीचा फोटो आहे का विचारलं.

फोटो पाच मिनिटांत आला. खात्यातली माणसं ओळीनं उभी, हातात बॉक्स, सगळे हसतायत. संचितानं तो मोठा करून पाहिला. बॉक्सवर स्टिकर होता: 'ताजा घास', खाली मोबाईल नंबर. अन्नपदार्थ विकणाऱ्याला परवान्याचा चौदा आकडी नंबर छापावा लागतो. तो कुठेच नव्हता.

अक्षदानं फोटोखाली लिहिलं होतं: "सँडविच थंडच होतं, आत हिरवी चटणी. पुदिना-कोथिंबिरीची. मी दोन खाल्लेली."

५

स्टिकरवरचा मोबाईल नंबर बंद होता. पण जुन्या जाहिरातीत पत्ता राहिला होता, डोंबिवलीतल्या एका बैठ्या चाळीचा.

तिथं सुशांत नावाचा तरुण भेटला. 'ताजा घास' आम्ही कधीच बंद केलं, असं म्हणत तो दार लोटू लागला. मागच्या बाजूला पत्र्याची शेड दिसत होती. तिच्या लगत हातपंप, आणि पंपापासून चार पावलांवर फुटलेलं गटार. संचितानं विचारलं, की भाजी कुठल्या पाण्यानं धुता? सुशांतनं दार आणखी लोटलं.

तेवढ्यात आतून कुणीतरी भिंतीचा आधार घेत बाहेर आलं. सुशांतची आई, कलावती. साडी अंगावर लोंबत होती. संचितानं तिला पाहिलं आणि अक्षदाचे खोल गेलेले डोळे आठवले.

"तुम्हाला कधीपासून बरं नाही, मावशी?"

कलावतीनं बोटांवर मोजलं. आषाढी एकादशीनंतरच्या शनिवारपासून. म्हणजे बारा जुलै. एकादशीच्या आदल्या दिवशी सँडविचची ऑर्डर गेली, उरलेली चटणी टाकवेना म्हणून तिनं भाकरीला लावून खाल्ली. मासळी ह्या घरात शिजतच नव्हती. आवडाबाईचं नावही तिनं कधी ऐकलं नव्हतं.

सुशांत मध्ये पडला. आई, तू आत जा, म्हणाला. कलावती हलली नाही. संचितानं तिला सगळं सांगितलं, पंधरा माणसांचं, यादीचं, अहवालाचं, आणि साध्या गोळ्यांनी हे बरं होतं त्याचंही. सांगताना सलिलचं नाव आलं. म्हातारीनं मान वर केली.

"सलिल माझा जावई," ती म्हणाली. "हा धंदा त्याचाच. पैसा त्याचा, नाव माझ्या मुलाचं. कंपनीत कळायला नको म्हणून." मग तिनं संथपणे विचारलं, "त्याला बावीस तारखेला कळलेलं, हा रोग कसला ते?"

"हो."

"पंचवीसला तो इथं येऊन गेला. सगळे स्टिकर जाळले. मी ह्याच खाटेवर कण्हत होते. औषधाचं नाव त्याच्या खिशात होतं, आणि मला म्हणाला, लिंबूपाणी घ्या."

सुशांत उंबऱ्यावर बसला. स्टिकर का जाळले ते त्यालाही आज कळत होतं.

संचितानं साक्ष द्याल का म्हणून विचारलं नाही. म्हातारीला लेकीचा संसार होता. पण कलावतीच म्हणाली, की डॉक्टरांकडे आधी ने, आणि मग जिथं उभं करायचं तिथं कर.

६

आठ ऑगस्टला सकाळी अकरा वाजता कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये टेबलं जोडून कागद मांडले होते. चौदा जण बसले होते, काही नातेवाइकांचा हात धरून आलेले. मालक स्वतः हजर होते. आवडाबाई एका टोकाला, तिच्याशेजारी कुणी बसलं नव्हतं.

सलिलनं कागद वाचला. कारखाना माणुसकी म्हणून प्रत्येकाला थोडी मदत देईल, आणि सही करणारा पुढे कुठेही दाद मागणार नाही.

संचिता उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही. आधी परजीवीचं नाव सांगितलं. अक्षदासकट सहा जणांनी दोन दिवसांत विशेष तपासणी करून घेतली होती, सहाही अहवालांत तोच निघाला. मग तिनं दिवस मोजले. शुक्रवारचं जेवण शनिवारी सकाळी हा रोग देऊ शकत नाही. दिपेश त्या जेवणाला नव्हता, तरी आजारी. गुणाजींनी सगळ्यांपेक्षा जास्त खाल्लं, तरी ठणठणीत. दोघांत फरक एकच, पाच तारखेचा बॉक्स. दिपेशला मिळाला, गुणाजींना नाही. बॉक्समध्ये सँडविचसोबत केळी आणि वेफर्स होते, पण केळी सालीतली आणि वेफर्स तळलेले. कच्चा पाला फक्त चटणीत होता. आणि तीच चटणी डोंबिवलीतल्या एका बाईनं खाल्ली, जिचा ह्या कारखान्याशी संबंधच नाही. तिच्या पोटातही तोच जीव सापडला.

सलिल म्हणाला, की हा सगळा योगायोग असू शकतो. दिपेशला खात्यातल्या कुणाकडून लागण झाली असेल.

संचितानं उत्तर दिलं, की हा रोग माणसाकडून माणसाला थेट लागत नाही. आणि मग ती मालकांकडे वळली. यादीत दिपेशचं नाव असतं, तर कुणीही विचारलं असतं, की हा कसा आजारी पडला? म्हणून ते नाव काढलं. पण खरा गुन्हा त्याहून मोठा होता. बावीस जुलैपासून ह्या माणसांचं औषध सलिलच्या मेलमध्ये पडलं होतं. आपला चोरटा धंदा झाकायला त्यानं ते दाबलं, आणि माणसं आणखी दोन आठवडे सडत राहिली. त्याच्या सासूसकट.

दारातून कलावती आत आली. डॉक्टर समृद्धींनी तिला धरलं होतं. सलिलनं तिच्याकडे पाहिलं आणि हातातला कागद खाली ठेवला. 

मालकांनी घसा खाकरला. झाल्या प्रकाराची शरम वाटते म्हणाले, सलिलला आजच काढतो, आणि मदतीची रक्कम दुप्पट करतो. फक्त हे प्रकरण चार भिंतींत राहू द्या.

सगळ्यांच्या नजरा अक्षदाकडे गेल्या. ती टेबलाला रेटून उभी राहिली. 

"सर, दुप्पट कशाच्या? आमचा भाव तुम्ही आधी ठरवलात, आता तुम्हीच वाढवताय. तो ठरवायला कायदा आहे ना? मग तिकडेच ठरू दे." ती आवाज न चढवता संचिताकडे वळली. "मॅडम, कुठे कुठे जाता येतं ते सगळ्यांसमोर सांगा."

संचितानं तिथंच, मालकांच्या देखत सांगितलं. परवान्याशिवाय खाणं विकल्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. अन्नसुरक्षा कायद्याखाली इजेची भरपाई मागता येते. आणि सगळ्यांचं दुखणं एक, म्हणून सगळ्यांनी मिळून जिल्हा ग्राहक आयोगात एकच तक्रार, दोन वर्षांच्या आत. बुडालेल्या कामासाठी कामगार आयुक्तांचं कार्यालय. वकील नसला तरी आयोगासमोर स्वतः बोलता येतं.

आवडाबाई जागेवरून बोलली, की माझं मागून बघ, आधी ह्या पोरांचं बघ. ज्यांनी महिनाभर तिला शिव्या दिल्या, त्यांतल्या दोघांनी उठून तिच्याशेजारची खुर्ची ओढली.

७

सोळा महिने लागले. सलिलच्या वकिलानं पहिल्याच तारखेला मुद्दा काढला, की कामगारांनी सँडविचचे पैसे दिले नव्हते, फुकट खाणारा ग्राहक कसा? संचितानं कायद्यातली व्याख्या वाचून दाखवली. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं जो वस्तू वापरतो, तोही ग्राहकच. मग तो म्हणाला, चटणीचा नमुना कुठाय? नमुना नव्हताच. तेव्हा अहवाल, तारखा, फोटो आणि कलावती, एवढ्यावर लढाई झाली. उलटतपासणीत कलावतीला विचारलं, की जावयावर तुमचा राग आहे का? ती म्हणाली, "राग नंतर आला. आधी जुलाब आले." आयोगाच्या सदस्यांनी मान खाली घालून लिहून घेतलं.

निकालात सलिल आणि सुशांत दोघांनाही जबाबदार धरलं. भरपाई मागितली तेवढी मिळाली नाही, पण पंधराही जणांना मिळाली, उपचाराच्या खर्चासकट. सलिल वरच्या आयोगात अपिलात गेला आहे, तिथंही संचिताच उभी आहे. विनापरवाना धंद्याबद्दल वेगळा दंड झाला. कामगार कार्यालयाची नोटीस गेल्यावर कारखान्यानं कंत्राटी माणसांचे बुडालेले पगार भरले आणि अक्षदाला परत घेतलं. आवडाबाईंनी बदनामीची नोटीस धाडली, तेव्हा मालकांचा लेखी माफीनामा आला. तो तिनं मासळी बाजारात भर सकाळी शेजारणीकडून मोठ्यानं वाचून घेतला, दोनदा.

संचिताला ह्या खटल्यानंतर बरेच फोन येऊ लागले. निम्मे ती आता अक्षदाकडे देते. मागच्या महिन्यात माजिवड्याच्या एका गोदामातल्या मुलीचा आला. हॉस्टेलच्या जेवणानं सात जणी आजारी आहेत, मालक म्हणतो बाहेरची पाणीपुरी खाल्ली असेल, आणि आता भीती वाटते.

अक्षदा छपाईच्या मशीनजवळून बाजूला झाली, एका कानात बोट घालून. "भीती त्यांना वाटू दे," ती म्हणाली. "तू आधी वही घे. काल काय खाल्लं ते नको. गेल्या पंधरा दिवसांत कुणी कुणी काय खाल्लं, आणि कोण आजारी नाही, ते पण लिही. हां, बोल. मी फोन ठेवत नाही."